बॉयलरचा आवाज

(आयर्लंडमधल्या मराठी मित्रमंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका मैत्रिणीने मला विचारलं, "तू स्वतःला पुरोगामी म्हणवतोस, आणि दर शनिवारी साहेबाच्या इंजिनाला तेलपाणी करत बसतोस, हे कसं काय?" सगळे हसले, मीही हसलो. पण बेलफास्टला परत जाताना गाडीत तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी मीच संयोजकांना फोन केला की पुढच्या वेळी अर्धा तास मला द्या. तेव्हा हे भाषण म्हणजे त्या मैत्रिणीला उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते पुरेसं आहे की नाही ते तिने आणि तुम्ही ठरवायचं.

आधी मी नेमका कुठे जातो ते सांगतो. बेलफास्टहून लार्नकडे जाणाऱ्या लोकलने निघालं की समुद्राच्या कडेकडेने गाडी व्हाइटहेड नावाच्या छोट्या गावात येते. तिथे रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी ऑफ आयर्लंडचा तळ आहे. ही संस्था १९६४ साली स्थापन झाली. त्या वेळी दक्षिणेत वाफेची इंजिनं नुकतीच बंद झाली होती, उत्तरेत बंद होण्याच्या मार्गावर होती आणि भंगारवाले दारात उभे होते. काही हौशी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ठरवलं की ही इंजिनं नुसती चौथऱ्यावर मांडून ठेवायची नाहीत, ती रुळांवर चालती ठेवायची. साठ वर्षं उलटली, संस्था चालू आहे. काही पगारी कारागीर आहेत, पण पाया स्वयंसेवकांचा. निवृत्त मास्तर, नर्स, बँकेतले लोक, विद्यार्थी आणि माझ्यासारखे संगणकवाले. २०१७ साली तिथे संग्रहालयही उघडलं, त्यामुळे तिकीट काढून कुणालाही शेड आतून बघता येते.

तिथल्या इंजिनांची ओळख करून देण्याचा मोह आवरत नाही. १८६ क्रमांकाचं मालगाडीचं इंजिन १८७९ सालचं, मँचेस्टरला बनलेलं. १३१ क्रमांकाचं १९०१ सालचं, ग्लासगोचं. ते कितीतरी वर्षं डंडॉक स्टेशनात शोभेला उभं होतं, मग सुट्या भागांच्या रूपात पडून होतं, आणि अखेर पुन्हा धावलं. १७१ क्रमांकाचं १९१३ सालचं, नाव 'स्लीव गलियन'. दक्षिण आर्मामधल्या डोंगराचं हे नाव. त्याची मोठी चाकं सहा फूट सात इंच व्यासाची आहेत. मी त्या चाकाशेजारी उभा राहिलो तर माझं डोकं वर दिसत नाही. आणि ४ क्रमांकाचं, १९४७ सालचं. त्याची गोष्ट मला फार आवडते. उत्तर आयर्लंडमध्ये एम-२ हा मोटरवे बांधायचं ठरलं, तेव्हा भरावाचा दगड मॅगरमॉर्नहून बेलफास्टला आणायचं काम या जातीच्या इंजिनांना दिलं. १९६६ ते १९७० अशी चार वर्षं त्यांनी तो दगड ओढला. म्हणजे ज्या रस्त्यामुळे रेल्वेचे उतारू कमी होणार, त्याच रस्त्याचा पाया वाफेच्या इंजिनांनी घातला. काम संपलं आणि त्यांनाही रजा मिळाली. १९७१ साली संस्थेने त्यातलं एक विकत घेतलं.

आता मी तिथे कसा पोचलो ते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका रेल्वे कारखान्यात बॉयलरमेकर होते. कुठल्या, ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्या एका कारखान्यापुरतं नाही. आमचं गाव बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरचं. तुमच्यापैकी सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या मंडळींना ती छोटी गाडी आठवत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने अडीच फूट रुंदीचा तो मार्ग १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू केला. १९०६ साली तो पंढरपूरला पोचला, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. आषाढीला डब्यांच्या टपावर वारकरी बसलेले असत. अण्णा त्याच गाडीने सुट्टीत घरी येत. आता तिथे सगळीकडे ब्रॉडगेज झाली आहे. लोकांची सोय झाली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अण्णांबद्दल माझ्या लहानपणीच्या दोन आठवणी आहेत. एक म्हणजे त्यांचे हात. जेवायला बसण्याआधी ते राख आणि साबण लावून घासायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की मी म्हणायचो "रेल्वेत". पुढे काही नाही. ऐकणाऱ्याला क्लार्क वाटावं अशी माझी इच्छा असायची. दुसरी आठवण म्हणजे त्यांचा आवाज. अण्णा ओरडून बोलायचे. रेडिओ मोठ्याने लावायचे, नंतर टीव्ही. आईशी बोलले तरी शेजारच्यांना भांडण वाटायचं. कॉलेजात असताना मित्र घरी आले की मला लाज वाटायची. मला वाटायचं, कारखान्यातला माणूस, रांगडाच असणार. त्यांच्या ओरडण्याला मी स्वभाव समजलो. या गैरसमजावर मी चाळीस वर्षं काढली.

बेलफास्टला येऊन मला पाच-सहा वर्षं झाली होती. एका रविवारी मुलीला घेऊन व्हाइटहेडला गेलो. तिला इंजिन बघायचं होतं. शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि वास आला. गरम तेल, कोळसा, ओली राख, गंजलेलं लोखंड. अण्णांच्या डांगरीचा वास. ती धुवायला टाकली की न्हाणीघरात हाच वास असायचा. मुलगी इंजिन बघत राहिली आणि मी दारातच थांबलो. निघताना तिथल्या बाईंनी स्वयंसेवकांचा फॉर्म हातात दिला. पुढच्या शनिवारी मी डांगरी घालून हजर.

पहिल्या दिवशी आपल्याला काहीतरी थोर काम देतील असं वाटत होतं. हातात तारेचा ब्रश दिला. सहा तास एका लोखंडी पट्टीवरचा गंज खरवडला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी एका ब्रॅकेटचे नट-बोल्ट काढायला सांगितले. मी उत्साहाने सगळे काढून एका डब्यात टाकले. संध्याकाळी आमचे म्होरके, सत्तरी उलटलेले गृहस्थ, डब्यात बघून म्हणाले, "कुठला कुठे बसायचा हे लिहिलंस का?" मी लिहिलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रात दोन बोल्ट एकसारखे दिसले तरी एकसारखे नसतात. प्रत्येक भोक त्या त्या वेळी हाताने जुळवलेलं असतं. त्या डब्यातला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकाशी जुळवायला मला पुढचे तीन शनिवार लागले. कुणी रागावलं नाही, पण मदतही केली नाही. तेव्हापासून माझ्या खिशात चिठ्ठ्या आणि दोरा असतो.

इंजिन दुरुस्त करायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वाफेच्या इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये. समोरून लांब नळकांडं दिसतं त्याच्या मागच्या टोकाला पेटी असते, तिला फायरबॉक्स म्हणतात. तिच्यात कोळसा जळतो. तिथला गरम धूर बॉयलरमधून आरपार जाणाऱ्या नळ्यांतून पुढे जातो आणि भोवतीचं पाणी उकळतं. या पेटीला दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये पाणी. वाफेचा दाब आतली भिंत चेपायला बघतो. ती चेपू नये म्हणून दोन्ही भिंतींना जोडणारे शेकडो लोखंडी किंवा तांब्याचे दांडे बसवलेले असतात. त्यांना स्टे म्हणतात. तापणं-निवणं, तापणं-निवणं यात हे दांडे थकतात आणि एखादा आतल्या आत तुटतो. एक तुटला की शेजारच्यांवर भार येतो. म्हणून दर दहा वर्षांनी बॉयलर सगळा उघडायचा, नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी मोजायची, स्टे तपासायचे, आणि मग आधी थंड पाण्याचा दाब देऊन आणि नंतर वाफ करून निरीक्षकाला दाखवायचा. त्याने सही केली तरच इंजिन बाहेर. यात कुणाच्या भावनेला जागा नाही.

हे नियम कशातून आले हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा तपासणी आली. याच बेटावर १२ जून १८८९ रोजी आर्माजवळ रविवारच्या शाळेची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली. तिचे डबे सोडवून दोन फेऱ्यांत न्यायचं ठरलं. मागे राहिलेले डबे उतारावरून सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ होती. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून उतारू गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. असे ब्रेक त्याआधीही उपलब्ध होते, कंपन्यांना त्याचा खर्च नको होता. ऐंशी जीव गेल्यावर खर्च परवडू लागला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुटलेला स्टे ओळखायची एक जुनी पद्धत आहे. हातोडीने प्रत्येक स्टेच्या डोक्यावर टिचकी मारायची. धड असेल तर खणखणीत आवाज येतो, तुटका असेल तर बद्द. एका शनिवारी आमचे म्होरके फायरबॉक्समध्ये शिरून हे करत होते आणि मी बाहेरून खडूने खुणा करत होतो. आत जाण्याआधी त्यांनी स्वतः कानावर मफ चढवले आणि मलाही दिले. मी म्हटलं, "मफ घातले तर आवाज कसा ऐकू येणार?" ते म्हणाले, "हातोडीच्या वेळी काढू. पण शेजारी रिव्हेट ठोकणार आहेत, त्या वेळी घालायचेच. जुने बॉयलरमेकर सगळे बहिरे झाले, तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. बॉयलरमेकरच्या मुलाला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी वाचत बसलो. ग्लासगोमध्ये टॉमस बार नावाचे कानाचे डॉक्टर होते. त्यांनी १८८६ साली शंभर बॉयलरमेकरांचे कान तपासले. शंभरातल्या एकाचंही ऐकणं धड नव्हतं. वर्ष लक्षात घ्या, १८८६. अण्णांचा जन्मच त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी झाला. म्हणजे ते कामाला लागले त्याच्या कितीतरी आधी हे लिहून, छापून, सभेत वाचून झालं होतं. एक माणूस बॉयलरच्या आत बसून रिव्हेट धरतो आणि बाहेरून दुसरा घण मारतो, तेव्हा आतल्या माणसाच्या कानांचं काय होतं हे जगाला ठाऊक होतं. फक्त आत बसणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि कानाला यंत्र आहे, ते त्यांना आवडत नाही. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कधीपासून कमी ऐकू येतं?" ते म्हणाले, "तुझा जन्म झाला तवा तुझं रडणं ऐकलं होतं बघ. तुझ्या भणीचं नीट ऐकू आलं न्हाई." माझ्यात आणि बहिणीत चार वर्षांचं अंतर आहे. मग मी विचारलं, "मग तुम्ही स्टे कसे तपासायचा? त्याला तर आवाज ऐकावा लागतो." ते हसले. म्हणाले, "आरं, आवाज कशाला पाहिजे? एका हातानं ठोकायचं, दुसऱ्या हाताचा अंगठा शेजारी ठेवायचा. धड असलं तर झिणझिणी येती. तुटकं असलं तर मुकं ऱ्हातं. कान गेल्यावर हातानं शिकलो." आणि पुढे म्हणाले, "तुमच्या तिकडच्या म्हाताऱ्याला सांग, स्टेला बाहेरनं बारीक भोक पाडलेलं असलं तर त्यातनं पाणी ठिबकतंय का बघ म्हणावं. ते खोटं बोलत न्हाई."

पुढच्या शनिवारी हे मी म्होरक्यांना सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस, की तुझे वडील बॉयलरमेकर आहेत?" मी काय सांगणार! आयुष्यभर लपवलेली गोष्ट एकदम कशी सांगायची? पण तेव्हापासून शेडमध्ये अडचण आली की कुणीतरी विचारतं, "तुझ्या वडिलांना विचारशील का?" अण्णांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि मला दोन्ही भाषा येऊन बॉयलरचं काही येत नाही. तरी काम भागतं. मी फोन इंजिनाकडे वळवतो आणि अण्णा बोटाने दाखवतात.

हे झालं माझं घरचं. आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. साहेबाचं इंजिन!

रेल्वे साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी आणली यात वाद नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा आत पाहुणे बसले होते आणि बाहेर तोफांची सलामी होती. पण भोर घाट चढवताना हजारो मजूर कॉलऱ्याने, सुरुंगाने, कड्यावरून पडून मेले. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला आणि त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते काम पुढे नेलं, एवढं आपल्याला ठाऊक आहे, कारण कंत्राटदाराचं नाव कागदावर असतं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात देश उपाशी असताना धान्य बाहेर जात राहिलं, त्यात रेल्वेचाही हात होता. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवर टीका केली ती उगाच नाही. आणि आयर्लंडला हे वेगळं सांगायला नको. इथली पहिली रेल्वे, तुम्ही रोज ज्या डार्टने डन लिअरीला जाता तोच मार्ग, १८३४ सालची. त्यानंतर अकरा वर्षांनी बटाट्याचा दुष्काळ सुरू झाला, दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली.

पण इंजिन साहेबाचं म्हणून सोडून दिलं, तर त्यावर ज्यांनी हात चालवले त्यांनाही आपण सोडून देतो. १९२० साली आयर्लंडच्या रेल्वे कामगारांनी सशस्त्र ब्रिटिश सैनिक आणि दारूगोळा असलेल्या गाड्या चालवायला नकार दिला. सैनिक डब्यात चढले की ड्रायव्हर इंजिनावरून खाली उतरायचा. मे ते डिसेंबर हे चाललं. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आपलं १८६ क्रमांकाचं इंजिन तेव्हा एक्केचाळीस वर्षांचं होतं. त्याच वर्षी बेलफास्टच्या गोद्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्या प्रॉटेस्टंट कामगारांना सहकाऱ्यांनीच हुसकून लावलं. कामगारांची एकजूट आणि कामगारांमधली फूट, दोन्ही एकाच वर्षी, एकाच बेटावर.

आपल्याकडेही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. दलित कामगार गँगमनच्या कामातच अडकून पडतो, वरच्या आणि कसबी जागा त्याला मिळत नाहीत, हेही त्यांनी मांडलं. म्हणजे इंजिनाला हात कुणी लावायचा यातही जात होती. आणि मे १९७४ चा संप तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख कामगार, वीस दिवस. अण्णाही त्यात होते. त्याबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणतात, "तवा कारखान्यात इतकी शांतता होती, की मला वाटलं कान परत आले."

म्हणून मला वाटतं, इंजिन जपणं आणि साम्राज्य जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्या आपोआप वेगळ्या होत नाहीत, कराव्या लागतात. पितळ घासून चकचकीत केलं, फोटो काढले, "काय ते दिवस होते" म्हटलं की झालं साम्राज्याचं स्मारक. त्याच इंजिनाशेजारी बहिऱ्या झालेल्या माणसाबद्दल दोन ओळी लिहिल्या की तो कामगारांचा इतिहास होतो. संग्रहालयात मुलांची तुकडी आली आणि मी हजर असलो, तर आता मी त्यांना कानाचे मफ दाखवतो आणि अण्णांची गोष्ट सांगतो. मुलं इंजिनापेक्षा त्यावर जास्त प्रश्न विचारतात.

दुसरा मुद्दा सीमेचा. इथली ग्रेट नॉर्दर्न रेल्वे डब्लिन ते बेलफास्ट जायची. देशाची फाळणी झाली तरी ती कंपनी एकच राहिली. ती तोट्यात आल्यावर १९५३ साली दोन्ही सरकारांनी, जी एकमेकांशी धड बोलतही नव्हती, ती मिळून चालवायला घेतली. पाच वर्षं चाललं. १९५८ साली मोडलं आणि इंजिनं, डबे वाटून घेतले. आपल्याला १९४७ साली झालेली रेल्वेची वाटणी आठवावी असंच. त्यानंतर सहा वर्षांनी ही संस्था निघाली ती सबंध आयर्लंडची म्हणून. पुढे तीस वर्षं दंगली, गोळीबार, याच रेल्वेमार्गावर बाँब. त्या काळातही उत्तर आणि दक्षिणेतली माणसं एकाच संस्थेत राहिली आणि काम करत राहिली. मी त्यांना फार मोठं करत नाही. त्यांनी शांतता करार केला नाही. पण माझ्या शेजारी नळी घासणारा माणूस कुठल्या चर्चला जातो हे मला वर्षभर कळलं नव्हतं, आणि बेलफास्टमध्ये ही साधी गोष्ट नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला सीमा आडवी आली ती फक्त मला. संस्थेची गाडी डब्लिनला निघायची, सगळे चढायचे, आणि माझ्या भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा नसायचा. मी फलाटावरून हात हलवायचो.

तिसरा प्रश्न कोळशाचा. तो तुम्ही विचारणारच, म्हणून मीच काढतो. वाफेचं इंजिन कोळशातल्या शक्तीपैकी दहा टक्केही चाकापर्यंत पोचवत नाही. बाकीची धुराड्यातून आणि वाफेतून जाते. ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र २०२४ साली बंद झालं, आयर्लंडमधल्या मनीपॉइंटने २०२५ साली कोळसा सोडला. हे दोन्ही चांगलं झालं. वर्षातून थोड्या फेऱ्या मारणाऱ्या इंजिनाचा धूर त्या मानाने किरकोळ आहे, पण किरकोळ म्हणून माफ असं मी म्हणणार नाही. ठिकठिकाणी जैव कोळशाचे प्रयोग चालू आहेत, ते जमले तर उत्तम. आणि उद्या समाजाने ठरवलं की कोळसा अजिबात नको, तर इंजिन थंड उभं राहील आणि मी तरीही शनिवारी जाईन. कारण माझ्या लेखी तिथे जपायचं आहे ते हातांमधलं ज्ञान.

ते ज्ञान किती लवकर जातं! इथे तरुण मुलं-मुली शिकायला येतात, म्होरके शिकवतात, म्हणून साखळी टिकून आहे. आमच्याकडे एक मुलगी आहे, विशीतली, ती रिव्हेटचं काम माझ्यापेक्षा दसपट चांगलं करते, मफ घालून. आपल्याकडे काय? माथेरानची गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली. विदर्भातली शकुंतला, तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं इंजिन १९९४ सालापर्यंत गाडी ओढत होतं. दिल्लीच्या संग्रहालयात, ठिकठिकाणच्या स्टेशनांबाहेर इंजिनं रंगवून ठेवली आहेत. लोखंड टिकलं. पण त्या इंजिनांचे फिटर, फायरमन, बॉयलरमेकर, खलाशी, त्यांना कुणी विचारलं का, की बाबांनो, तुम्ही हे कसं करत होता आणि त्याची तुम्ही काय किंमत दिली? आपण श्रमप्रतिष्ठेवर भाषणं पुष्कळ केली. शिबिरांत घमेली उचलली. मीही उचलली आहेत, सेवा दलाची गाणी म्हणत. आणि त्याच वयात घरी आलेल्या मित्रांपासून वडिलांचे हात लपवले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आई-वडिलांना, काकांना, मावशीला, तब्येत आणि हवापाणी विचारून झाल्यावर त्यांच्या कामाबद्दल विचारा. गिरणीत होते तर साच्यावर काय करायचे, शेतात होते तर काय, दवाखान्यात आया होत्या तर काय. हाताने करून दाखवायला सांगा आणि ते रेकॉर्ड करा. दुखलं काय, तेही विचारा. तीन महिन्यांनी आपण पुन्हा भेटू तेव्हा ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी दहा मिनिटं ऐकवावं. माझ्याकडे अण्णांचे अकरा तास झाले आहेत.

शेवटचं सांगून थांबतो. तो बॉयलर गेल्या वर्षी तयार झाला. थंड पाण्याचा दाब देऊन झाला होता, आता वाफेची परीक्षा होती. आदल्या दिवशी बारीक विस्तव केला, कारण बॉयलर एकदम तापवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी दाब चढत गेला. निरीक्षक घड्याळाकडे आणि काट्याकडे बघत होते. ठरलेल्या दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. एवढा मोठा आवाज, की आम्ही सगळ्यांनी कान झाकले. मी फोन धरला होता, पलीकडे अण्णा आणि आई. आईने दचकून फोन लांब केला. अण्णा मात्र पडद्याच्या अगदी जवळ आले. मला वाटलं त्यांना ऐकायचं आहे. पण ते वाफेकडे बघतच नव्हते. आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "पोरानं कानाला काय लावलंय बघ. आमच्या येळंला असतं तर." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग म्हणाले, "हात दाखव." मी हात कॅमेऱ्यासमोर धरले. नखांच्या कडा काळ्या होत्या. अण्णा म्हणाले, "राख लाव, साबणानं जात न्हाई ते."